आधी मार, मग धर

माझं नाक वाकडं आहे. उदगीरच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक पातेलं उलटंपालटं करून बघताना एकदा तरी माझ्या नाकाकडं बघतंच. पूर्वी मी सांगायचो की मोटारसायकलवरून पडलो. आता खरं सांगतो. एका माणसानं ठोसा मारून ते फोडलं, आणि फोडलं म्हणूनच मी आज इथं पातेली विकत बसलोय. ऐकणारे हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

त्या माणसाचं नाव नरसिंग भोई. हदगावच्या पुढं पैनगंगेच्या काठी तीनधार नावाचा धबधबा आहे, त्याच्या शेजारच्या वस्तीवर तो राहतो. पावसाळ्यात नदी तिथं काळ्या खडकावरून तीन ठिकाणी खाली कोसळते. खालच्या डोहाला तळच नाही असं आसपासची माणसं छातीठोकपणे सांगतात. तळ आहे. नरसिंग तिथं कितीतरी वेळा जाऊन आलाय, आणि बहुतेक वेळा कुणालातरी घेऊन वर आलाय. काही जिवंत, काही नाही.

आम्हा लातूर-नांदेडकडच्या लोकांना फिरायला जायचं म्हणजे काय, तर एखादा किल्ला, एखादं देऊळ, नाहीतर पाणी. त्यातही पाणी दिसलं की आमचं डोकं फिरतं. उन्हाळाभर टँकरमागं धावलेली माणसं आम्ही. धो धो पाणी दिसलं की ते आपलंच आहे असं वाटतं आणि आपण त्यात शिरतो. पोहायला येत नसलं तरी शिरतो. श्रावणातल्या रविवारी तीनधारला जत्रा भरल्यासारखी गर्दी असते. भज्यांच्या गाड्या, भाजलेली कणसं, लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी, आणि प्रत्येकाच्या हातात फोन.

या गर्दीत नरसिंग बाभळीची काठी घेऊन फिरायचा. त्याला तिथं कुणी नेमलं नव्हतं. अंगानं बुटका, छाती मात्र कपाटाएवढी, आणि तोंड असं की त्याच्या शिव्या इथं लिहिता येणार नाहीत. कुणी शेवाळावर पाय ठेवला की पोटरीवर सटकन काठी बसायची. बाई असो, बाप्या असो, साहेब असो. "माघं सरक, मरायचं आसंल तर आपल्या गावात मर," असं तो वर म्हणायचा. लोक चिडायचे, अंगावर जायचे. तो अजून एक ठेवून द्यायचा.

त्याची ही मारकुटी वृत्ती कुठून आली ते मला फार उशिरा कळलं. तो सोळा वर्षांचा असताना त्याचा बाप एका बुडणाऱ्या माणसाला काढायला डोहात उतरला होता. बाप पट्टीचा पोहणारा. पण त्यानं त्या माणसाला समोरून धरलं आणि त्या माणसानं बापाच्या गळ्याला जी मिठी मारली ती सुटलीच नाही. दुसऱ्या दिवशी गळ टाकून दोघांना एकदमच वर काढलं. मेलेल्या माणसाची बोटं बापाच्या मानेत रुतली होती. ती नरसिंगनं एकेक करून उचकटली. दोन बोटं मोडावी लागली. तो आवाज अजून ऐकू येतो, असं त्यानं मला सांगितलं.

तेव्हापासून त्याचा एकच नियम होता, आणि तो त्यानं पुढं आपल्या मुलाला, बजरंगला, आणि मुलीला, तनुजाला, दोघांनाही लहानपणीच शिकवला. बुडणाऱ्याला आधी मारायचं. नाकावर, कानशिलावर, जिथं बसेल तिथं. तो सुन्न झाला, हात ढिले पडले, की मागून केस धरून ओढायचं. "बुडणारा मानूस मानूस ऱ्हात न्हाई," तो म्हणायचा. "आय जरी काढाया आली तरी तिला खाली दाबून आपून वर याया बघतो. आधी मार, मग धर." असे चाळीसच्या वर लोक त्यानं मारून मारून बाहेर काढले होते.

त्या यादीत मी कसा गेलो ते आता सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझा मेहुणा शिवांश सुट्टीवर आला होता. कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं फ्रान्समधल्या एका लहान गावात राहून आलेला. आमच्या घरी जेवताना तो फोनवर तिथले फोटो दाखवायचा. गाव आमच्या शेजारच्या देवणीपेक्षा मोठं नसेल, पण नदीकाठी होड्या लावलेल्या, चौकात रविवारचा बाजार, म्हातारे झाडाखाली लोखंडी गोळे फेकायचा खेळ खेळतायत, जुन्या बुरुजावर चढायला नीट पायऱ्या. नदीत पोहायच्या जागेवर लाल बनियन घातलेला एक पोरगा उंच खुर्चीत शिट्टी घेऊन बसलेला. "तिथं खेड्यातसुद्धा माणसाला रविवार कसा घालवायचा ते कळतं, दाजी," तो म्हणाला. मला ते झोंबलं. आपल्याकडं काय कमी आहे हे दाखवायचं म्हणून मी जीप काढली आणि आम्ही सात जण तीनधारला गेलो. तो, मी आणि माझे पाच दोस्त.

शेवाळावर गेल्याबद्दल नरसिंगनं मला पहिली काठी मारली तेव्हा शिवांश म्हणाला, "बघा, तिथं शिट्टी वाजवतात, इथं जनावरासारखं मारतात." मी भर गर्दीत मार खाल्लेला. दुकानदार माणूस, गावात चार लोक नमस्कार करतात. नरसिंगची पाठ वळल्यावर मी मुद्दाम पुढच्या खडकावर गेलो आणि शिवांशला म्हणालो, काढ फोटो.

पाय कधी सटकला ते कळलं नाही. पाणी अंगावर आलं ते भिंत पडावी तसं. एका खडकावर खांदा आपटला, दुसऱ्यावर गुडघा, आणि मग खाली, वर, खाली. नाकातोंडात गाळ. मी ओरडत होतो की नाही तेही आठवत नाही. एवढंच आठवतं की एक डोकं जवळ आलं आणि मी जिवाच्या आकांतानं त्याच्या गळ्यावर झडप घातली. तेवढ्यात नाकावर पहिला ठोसा बसला. हाड मोडल्याचं मला डोक्याच्या आत ऐकू आलं. दुसरा कानावर. तिसऱ्यानंतर सगळं मऊ झालं आणि कुणीतरी केसांना धरून मला ओढत नेलं.

शुद्ध आली तेव्हा मी काठावर पालथा पडून पाणी ओकत होतो, रक्त मिसळलेलं. आणि दहा पावलांवर माझे दोस्त नरसिंगला मारत होते.

शिवांशनं वरून सगळं फोनमध्ये घेतलं होतं. त्यात दिसत होतं ते असं: एक माणूस बुडतोय, दुसरा त्याच्याकडं पोहत जातो आणि त्याच्या तोंडावर ठोसे घालतो. आधी काठीनं मारलं, आता पाण्यात मारतोय, दावा धरून मारतोय, असं त्यांना वाटलं. पाच जणांनी त्याला चिखलात पाडलं. त्याचीच काठी त्याच्यावर चालवली. उजव्या खांद्यावर काठी बसली तेव्हा फांदी मोडावी तसा आवाज झाला. बजरंग धावत आला तर त्याच्याही डोक्यात दगड घातला. नरसिंग ओरडला नाही. तो फक्त म्हणत होता, "आरं, त्येला पालथं ऱ्हाऊ द्या, पानी निघू द्या." माझ्याबद्दल म्हणत होता.

मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. हे मी लपवणार नाही. माझे हात त्याच्या गळ्याला कसे गेले होते ते मला माहीत होतं, आणि त्यानं मारलं नसतं तर ते सुटले नसते हेही. पण मी गप्प राहिलो.

चौकीत जमादारानं साधा प्रश्न विचारला, "ह्यानं तुम्हाला मारलं का?"

"हाव, मारलं," मी म्हणालो.

यात खोटं काहीच नव्हतं. पुढचं वाक्य तेवढं मी गिळलं. नाकावर पट्टी होती, दोस्त मागं उभे होते, आणि आपण स्वतःच्या मूर्खपणानं पडलो हे त्यांच्यासमोर कसं सांगणार, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. जमादारानं समोर जे आलं त्यावर कागद केला. प्रकरण आपसात मिटलं. नरसिंगनं आणि बजरंगनं लिहून दिलं की आम्ही यापुढं कुठल्याही पर्यटकाच्या अंगाला हात लावणार नाही, पाण्यात किंवा पाण्याबाहेर. नरसिंगचा उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून त्यानं डाव्या हातानं सही केली. खाली माझी सही.

शिवांशनं तो व्हिडिओ टाकला. दोन दिवसांत तो नांदेड, लातूर, हैदराबादपर्यंत फिरला. "बुडत्याला मारणारा राक्षस" असं काहीतरी त्यावर लिहिलेलं होतं.

घरी माझ्या आईनं, दानम्मानं, तो एकदाच बघितला. ती सकाळी माझ्या कपाळाला विभूती लावते, मी पन्नाशीला आलो तरी. त्या दिवशी तिचा हात तसाच राहिला. "त्यानं मारलं नसतं तर आज मी ही कुणाला लावली असती रे, मल्लेश?" ती म्हणाली. "जा, सांगून ये." मी म्हटलं, जाऊ दे अव्वा, आता मिटलंय ते. ती पुढं चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

नरसिंगचा खांदा नीट जुळलाच नाही. हात छातीच्या वर जाईना. मग पुढच्या पावसाळ्यात काठावर बजरंग उभा राहायला लागला, काठीशिवाय. तो लोकांना हात जोडून सांगायचा, मागं या. हात जोडणाऱ्याचं आपल्याकडं कोण ऐकतं? भादव्यात एक तरणा गडी पडला आणि बजरंगनं उडी घेतली.

हे मी पाहिलं नाही, पण त्याचाही व्हिडिओ आहे. तो मी पाहिला. बजरंग त्या गड्याच्या जवळ जातो. मूठ उगारतो. वरून नरसिंगचा आवाज येतो, "मार त्येला. मार." आणि बजरंग मान वळवून काठाकडं बघतो. काठावर तीसेक माणसं हात वर करून उभी, प्रत्येक हातात फोन. कुणीतरी ओरडतं, "ए, मारू नको त्याला." मूठ खाली येते. तो त्या गड्याला समोरून धरतो. नंतर पाण्यावर काहीच दिसत नाही.

दोघांना दुसऱ्या दिवशी एकदमच काढलं. बोटं उचकटायला नरसिंगचा एकच हात चालत होता, दुसरा तनुजानं लावला.

मी दुकानात बसून तो व्हिडिओ बघितला. शटर ओढलं आणि हदगावची गाडी धरली.

नरसिंगच्या दारात मला कुणी ओळखायची गरज पडली नाही, नाकानं ओळख सांगितली. बजरंगची आई विठाबाई ओट्यावर बसली होती. ती उठली आणि तिनं माझ्या तोंडात मारली. मग दुसऱ्या बाजूनं. मग हाताची मूठ करून छातीवर, खांद्यावर, मिळेल तिथं, तिचा दम संपेपर्यंत. मी हललो नाही. मला वाटत होतं तिनं थांबू नये. शेवटी ती भिंतीला टेकून खाली बसली.

नरसिंगनं डाव्या हातानं खाट दाखवली. त्यानंच मग त्याच्या बापाची गोष्ट मला सांगितली, आवाज न चढवता. शेवटी म्हणाला, "तुला काढलं त्येचं मला काई वाटत न्हाई. कुनालाबी काढलं आसतं. पन माझं पोरगं मरताना माझ्याकडं बघत नव्हतं. मी वरडून राहिलो हुतो, आन त्ये फोनाकडं बघत हुतं."

मी म्हणालो, "मी काय करू, सांगा. कागद फाडून टाकू?"

"फाडून काय हुईल? पव्हता येतं का तुला?"

"न्हाई."

"मग मानसं हटव."

तेव्हापासून पावसाळ्यातल्या दर रविवारी मी तीनधारला जातो. पहाटे उदगीरहून निघतो. दोस्तांनी मला वेडा ठरवलं, शिवांशनं फोन उचलणं सोडलं. मी शेवाळाच्या कडेला बाभळीची काठी घेऊन उभा राहतो आणि पोटऱ्यांवर मारतो. माझ्या तोंडात शिव्याही यायला लागल्या. नरसिंग वीस हातांवर दगडावर बसलेला असतो. तनुजाला मात्र तो पाण्याच्या जवळ जाऊ देत नव्हता. ती बजरंगपेक्षा जलद पोहायची, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. पडणाऱ्याकडं टाकायला तिनं कासऱ्याचा दोर कमरेला गुंडाळलेला असायचा आणि बाप तिच्याकडं डोळे वटारून बसलेला असायचा. एक गेला, आता ही उरली होती.

गेल्या श्रावणात ते झालं. लातूरकडची आठ-दहा पोरं होती, दणकट, तालमीतली. मी एकाला काठी मारून मागं आणेपर्यंत दुसरा पलीकडून उतरला आणि गेला. त्याचं डोकं एकदा वर आलं, दुसऱ्यांदा आलं. नरसिंग उठला, त्याचा चांगला हात पुढं झाला, आणि त्याच्या बाजूनं तनुजा सूर मारून गेलीसुद्धा. कमरेचा दोर तिनं सोडून दगडावर टाकलेला होता.

फोन वर झाले. मी मोजले नाहीत, पण माझ्या आजूबाजूला हातांचं रान उगवलं. खाली ती त्या पोराच्या जवळ पोचली. तो तिच्या दुप्पट होता. त्यानं तिच्या खांद्याला धरलं आणि ती पाण्याखाली गेली. वर आली तेव्हा तिची मूठ उगारलेली होती. आणि तिनं काठाकडं बघितलं.

अगदी तसंच. तीच मान, तोच क्षण. नरसिंगच्या तोंडून शब्द फुटेना. त्याचा जबडा नुसता हलत होता.

मी त्या फोनांच्या पुढं गेलो. शेवाळावर गेलो, जिथून मी स्वतः पडलो होतो तिथंच. काठी टाकली आणि एक हात माझ्या नाकावर ठेवला, तिला दिसेल असा. दुसऱ्या हाताची मूठ करून तिला दाखवली. "मार, तनुजा," मी म्हणालो. धबधब्याच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नसणार. पण नाक दिसलं.

तिनं मारलं. पहिला ठोसा त्याच्या डोळ्यावर, दुसरा थेट नाकावर. पाण्यावर लाल रंग पसरलेला वरून दिसला. तिसऱ्याला त्याची मान मागं पडली. तिनं केसांना धरलं आणि ती पाय झाडत काठाकडं यायला लागली.

त्याचे दोस्त आधीच खाली धावले होते. "मारली सालीनं, मारून टाकलं त्याला," असं एक जण ओरडत होता. त्याला काठावर पालथं ढकलून ती गुडघाभर पाण्यात उभी राहते ना राहते तोच ते तिच्यावर गेले. मीही खाली धावत येऊन मध्ये घुसलो. मला भांडता येत नाही. मला फक्त मध्ये उभं राहता आलं. पहिली लाथ बरगडीवर बसली. कुणीतरी माझीच काठी उचलून आणली होती, ती कपाळावर बसली आणि डोळ्यांत रक्त उतरलं. एक दात गेला. मी तनुजाला पाठीमागं धरून ठेवलं आणि तोंडातलं रक्त थुंकत चौकीत गिळलेलं वाक्य बोललो.

"हाव, मारलं तिनं. मलाबी हिच्या बापानं मारलं हुतं, म्हणून मी जिवंत हाय. तुमचा दोस्त बघा आधी. श्वास चालतोय का बघा."

ते थांबले ते माझ्यामुळं नाही. मागं पालथा पडलेला तो पोरगा खोकला, त्यामुळं. खोकला, ओकला आणि आईला हाक मारून रडायला लागला. नाक सुजून वांग्याएवढं झालेलं. ज्यानं मला काठी मारली होती तो तिच्याकडं बघत राहिला आणि त्याच्या हातातली काठी खाली पडली.

तनुजा काठावर बसली. तिच्या खांद्यावर त्या पोराच्या बोटांचे पाच वळ उठले होते. विठाबाईनं पदरानं तिचं डोकं पुसलं, मग तोच ओला पदर माझ्या कपाळावर दाबून धरला. नरसिंग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं डावा हात वर केला, मला वाटलं आता हाही मारणार, आणि मी डोळे मिटले. त्यानं दोन बोटांनी माझं नाक चाचपून पाहिलं, पुन्हा मोडलंय का ते बघायला.

"ह्येच त्या दिशी चौकीत बोलायचं हुतं," तो म्हणाला.

मी हो म्हणालो. त्यानं मान हलवली, वाकून डाव्या हातानं काठी उचलली आणि माझ्या हातात दिली. वर शेवाळलेल्या खडकावर दोन पोरी फोटो काढायला उतरत होत्या.